बिनवाऱ्याची खोली

नव्या घरातला पहिला पावसाळा काढला आणि मी चाट पडलो. बेडशाच्या लेण्यांच्या डोंगराखाली आमचं गाव. इथला पाऊस मला नवा नाही, सगळा जन्म त्यातच गेला. पण स्लॅबच्या घरातला पाऊस नवा होता. जुन्या कौलारू घरात चार महिने ओल असायचीच, पण ती येऊन-जाऊन असायची. चुलीची धग वर चढायची, धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा आणि घर अर्धं ओलं, अर्धं वाळकं असं कसंबसं दसऱ्याला टेकायचं. नव्या घरात ओल मुक्कामालाच आली. कपाटातल्या माझ्या लग्नाच्या कोटावर पांढरी बुरशी चढली. गाद्या हाताला गार लागायच्या. पोह्यांच्या डब्याचं झाकण काढलं की कुबट वास यायचा. एवढं सिमेंट ओतून, एवढी हौस करून आपण राहायला आलो ते कुठे, असं मला वाटायला लागलं.

मग ओल घालवायला आम्ही वीज जाळायला लागलो. एक हीटर बाहेरच्या खोलीत, एक आतल्या. कपडे वाळावेत म्हणून पंखे दिवसभर चालू. जे वाळत नसत ते बायको इस्त्री फिरवून वाळवायची. लोणावळ्याहून हवेतलं पाणी शोषणारं एक मशीन आणलं. ते बादलीभर पाणी काढायचं आणि वीज ढोसायचं. मीटरवर एक लाल दिवा असतो, वीज जितकी जास्त खेचाल तितका तो भराभर लुकलुकतो. एका संध्याकाळी मी छत्री धरून त्या दिव्यासमोर उभा होतो आणि तो काही दम घ्यायला तयार नव्हता. मला धक्काच बसला. मी घोरावाडीजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दाबाची हवा पाइपातून कुठे गळते ते शोधणं हे माझं रोजचं काम. तिथे कुठे फुस्स आवाज आला तरी मी डबा अर्धा टाकून धावतो. आणि इथे माझ्याच घरातून ऊब चारी बाजूंनी पळून जात होती, आणि मी तिच्या मागे वीज ओतत होतो.

लोणावळ्यात खिडक्यांची कामं करणारा एक जण माझ्या ओळखीचा होता. भुशीकडचे बरेच बंगले त्याच्या हातचे. शनिवार-रविवारी येणारी माणसं, खोलीखोलीत एसी, तेव्हा गार हवा बाहेर जाता कामा नये, अशा बेताने तो खिडक्या बसवतो. तो म्हणाला, तुमचंही घर तसंच पॅक करून टाकू. त्याने सरकत्या खिडक्यांना रबरी पट्ट्या बसवल्या. खिडक्यांवरच्या झरोक्यांत काच घालून कडा सिलिकॉनने भरल्या. दारांना खालून ब्रश लावले. मी स्लॅबवर उष्णता अडवणारा थर दिला, वर पांढरा रंग मारला, पाण्यासाठी सोलर बसवला, घरातले सगळे दिवे बदलले. त्या बंगल्यांमध्ये कुणी शेगडी पेटवत नाही, हे सांगायचं त्याला कारण नव्हतं आणि विचारायचं मला सुचलं नाही.

काम झाल्यावर मी पेटती उदबत्ती घेऊन एकेका खिडकीच्या कडेने फिरलो. कारखान्यात आम्ही साबणाचं पाणी लावून गळती शोधतो, घरी उदबत्ती. धूर जिथे हलेल तिथे फट. एकाही खिडकीशी धूर हलला नाही, सरळ वर गेला. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. दुसऱ्या पावसाळ्यात दोन्ही हीटर माळ्यावर गेले. ते पाणी ओढणारं मशीन कोपऱ्यात नुसतं उभं राहिलं. मीटरचा दिवा असा सावकाश लुकलुकायला लागला की मी त्याच्याकडे बघत चहा प्यायचो. बायको म्हणायची, आधी मीटरला नैवेद्य दाखवून या, मग तुम्हाला वाढते. गावात ज्यांची नवी घरं बांधायला निघाली होती ते बघायला यायचे, आणि मी त्यांना चहा आणि भाषण दोन्ही पाजायचो. घर म्हणजे कसं, थर्मास पाहिजे, असं मी म्हणायचो. लोक माना डोलवायचे.

गेल्या पावसाळ्यात मुलगी बाळंतपणाला आली. तिला चिंचवडला दिली आहे. तळेगावच्या दवाखान्यात सुखरूप सुटली, मुलगी झाली, आणि श्रावण लागता लागता आम्ही दोघींना घरी आणलं. त्यांच्यासाठी आतली खोली दिली. घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात बंद खोली. उदबत्तीचा धूर सगळ्यात सरळ तिथे गेला होता.

न्हाऊ घालायला डोंगरावरच्या वाडीतल्या मावशी यायच्या. आमच्या घरातली सगळी बाळं त्यांच्या किंवा त्यांच्या आईच्या हातची. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन सकाळी उतरायच्या, पायावर बाळ घेऊन तेल जिरवायच्या, मुलीचं अंग चोळायच्या आणि दुपारच्या आत परत चढायच्या. पहिल्या दिवशी त्या खोलीत आल्या, मधोमध उभ्या राहिल्या, गालाला वारा लागतो का म्हणून जरा थांबल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वारं म्हून न्हाई. अशी खोली म्या आजवर बघितली न्हाई, भाऊ. बाळंतिणीला हीच पायजे."

मी फुशारलो, खोटं कशाला बोलू? गावातले लोक माना डोलवत ते चहा प्यायला आल्यामुळेही असेल, पण या बाईने आयुष्यभर बाळंतिणींच्या खोल्या बघितल्या होत्या. बायकोकडे बघून मी भुवया उडवल्या. ती म्हणाली, झालं, आता चार दिवस पाय जमिनीला लागायचे नाहीत.

बाळंतिणीला शेक हवा, बाळाला ऊब हवी आणि मावळात श्रावणात दुपटी वाळत नाहीत. मुलगी म्हणाली, माळ्यावरचा हीटर काढू या का? मी काही म्हणायच्या आत मावशींनीच तो निकालात काढला. विजेची ऊब अंगाला मानवत नाही, शेगडीच ठेवायची. बायकोला ते पटलं आणि मला तर पटायचंच होतं. एक युनिट न जाळता खोली ऊबदार राहणार होती. बाहेर पडवीत पाणी तापवायची चूल होतीच.

मावशींची शेगडीची रीत फार काटेकोर होती. चुलीतली लाकडं पुरती जळू द्यायची. जाळ संपला, धूर संपला, नुसते लाल निखारे राहिले की ते शेगडीत घ्यायचे आणि वरून राख भुरभुरायची. मगच शेगडी आत. तिच्यावर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि डालग्यावर लंगोट, टोपडी, दुपटी पसरायची. बायकोने एकदा घाईने जरा धुरकट निखारे नेले तर मावशींनी तिला दारातून परत पाठवलं. धूर लेकराच्या डोळ्यांना लागतो, म्हणाल्या. आम्हाला त्यांचं कौतुक वाटलं. एवढी काळजी आजकाल कोण घेतं, असं आम्ही एकमेकांना म्हणालो.

मुलीचं डोकं दुखायला लागलं. सकाळची न्हाणी झाली, शेगडी आत गेली की तासाभराने ती म्हणायची, डोकं जड झालंय, मळमळतंय. बायको म्हणाली, वारा लागला असणार. मुलीच्या कानांवरून स्कार्फ घट्ट बांधला. खिडकीची कडी पुन्हा एकदा दाबून बघितली. तरी दुखायचं राहीना, तेव्हा दाराखालच्या ब्रशवर विश्वास नको म्हणून आतून पायपुसणं गुंडाळून लावायला सांगितलं. संध्याकाळी शेगडी बाहेर यायची, घरातली ये-जा सुरू व्हायची, मुलीला बरं वाटायचं, आणि आम्हाला वाटायचं, स्कार्फचा गुण आला. तिला त्रास व्हायचा आणि त्यावर उपाय म्हणून आम्ही ती खोली आणखी बंद करायचो. दुसऱ्या दिवशी आणखी त्रास, मग आणखी उपाय. आणि हे सगळं मायेने चाललं होतं, कुणाचाही आवाज चढला नव्हता.

आणि बाळ रडायचं नाही. बघायला येणाऱ्या बायका झोळीत डोकावायच्या आणि म्हणायच्या, किती शहाणी हो, आवाज म्हणून नाही. बायको लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळायची. माझी मुलगी लहान असताना सगळं घर डोक्यावर घ्यायची, त्यामुळे ही आईवर गेली नाही, असं मी चारचौघांत हसत हसत सांगायचो. दूध प्यायला उठवावं लागायचं. उठवलं तरी थोडं पिऊन पुन्हा डोळे मिटायची. आम्ही आपापसात बोलायचो तेही हळू आवाजात, तिची झोप मोडू नये म्हणून.

त्या दिवशी गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, म्हणून मी घरी होतो. पाऊस आडवा-उभा कोसळत होता आणि सकाळपासून लाइट नव्हती. मावशींनी घाईने दोघींना न्हाऊ घातलं आणि ओढ्याला पाणी चढायच्या आत निघाल्या. दुपट्यांचा ढीग ओलाच होता, म्हणून बायकोने शेगडीत आणखी निखारे भरले, अगदी मावशींच्या रीतीने, धुराचा मागमूस नसलेले. मुलगी आणि बाळ झोपली. मी पडवीत बसून मोरीच्या नळाचा वायसर बदलत होतो. हात धुतले, बायकोला चहा टाकायला सांगितला आणि मुलीला हवा का म्हणून विचारायला गेलो.

दारावर टकटक केलं. उत्तर आलं नाही. झोपली असेल म्हणून परत फिरणार होतो. खरंच फिरणार होतो, एक पाऊल मागे टाकलंही होतं. का कोण जाणे, दार ढकललं. पायपुसण्यामुळे ते अडलं, जोर लावावा लागला. आत छान ऊब होती. मला पहिल्यांदा बरंच वाटलं, बाहेरून गारठून आलो होतो. मुलगी कुशीवर पडली होती, गाल लालसर, चेहऱ्यावर तकाकी. मग उशी दिसली. उशीवर ती ओकली होती आणि तिचा गाल त्यातच होता.

मी हाक मारली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पण ओळख पटल्यासारखं बघितलं नाही. उठायला गेली आणि हात नुसताच गादीवर सरकला. मी झोळीकडे धावलो. बाळाला उचललं तर मान माझ्या दंडावरून खाली गेली. त्या एवढ्याशा जिवाचं वजन मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. तेव्हा जाणवलं.

बाळाला घेऊन मी पडवीत आलो, पडवीतूनही पुढे, पागोळ्यांखाली. बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिने काय बघितलं असेल? नवरा तान्ह्या नातीला उघडी घेऊन पावसात उभा आहे. तिने झडप घातली. "अवो, वारं लागंल तिला. आत घ्या, आत घ्या आधी," असं म्हणत तिने बाळ ओढायला सुरुवात केली. ती आत नेणार होती. त्याच खोलीत, ऊबेला. माझ्या आयुष्यात मी तिचा हात कधी झटकला नव्हता. मी तो झटकला आणि म्हणालो, "आत न्हाई न्यायचं."

हे मला कसं कळलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. कारखान्यात बंद टाकीत माणूस उतरण्याआधी टाकीत हवा सोडतात, हवा तपासतात, आणि वर एक माणूस दोरी धरून उभा राहतो. हे नियम मी नव्या पोरांना शिकवतो, न चुकता. पण घराला टाकी म्हणून मी कधी बघितलं नव्हतं. त्या पागोळ्यांखाली मला एकदम दिसलं की मी माझ्या मुलीला टाकीत ठेवलं होतं आणि वर कुणी नव्हतं. बाळ बायकोच्या हातात देऊन तिला जागची हलू नको म्हणालो, श्वास रोखून आत गेलो आणि मुलीला काखेत धरून ओढत बाहेर आणलं.

शेजाऱ्याने पिकअप काढली. त्याने काचा वर घ्यायला हात घातला तर मी ओरडलो, काचा खाली ठेव. तो बिचारा सगळा भिजला, पण त्याने विचारलं नाही का ते. मुलीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. ती काहीतरी पुटपुटत होती, मध्येच शाळेच्या बसबद्दल बोलली. बाळाला तिच्या आजीने पदराखाली धरलं होतं आणि मी सारखा तो पदर बाजूला करत होतो. कामशेत जवळ आलं तेव्हा बाळ रडलं. आधी एक कुंथल्यासारखा आवाज, मग टाहो. बायको सवयीने तिला थोपटून गप्प करायला लागली. मी म्हणालो, रडू दे. मग आम्ही दोघंही रडायला लागलो आणि पिकअपमध्ये फक्त शेजारी गप्प होता.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिलंच विचारलं, खोलीत काय पेटवलं होतं? मी म्हणालो, शेगडी होती, पण धूर अजिबात नव्हता. त्या म्हणाल्या, "धुराचा प्रश्नच नाही. निखाऱ्यांतून जो वायू निघतो तो दिसत नाही, त्याला वासही नाही. खिडकी उघडी होती का?" मी त्यांना खिडक्यांचं सांगायला लागलो. रबरी पट्ट्या, सिलिकॉन, झरोक्यांतली काच. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की माझा आवाज नेहमीच्या भाषणासारखा निघतोय, चहाबरोबर पाजायचो तसा. मी मध्येच थांबलो. बाईंनी वर बघितलं. मला तिथे त्या खुर्चीत बसवेना.

दोघी बऱ्या झाल्या. मुलीचं डोकं पुढे बरेच दिवस दुखत राहिलं, पण डॉक्टरांनी काळजी नको म्हणून सांगितलं. बाळाला पुन्हा पुन्हा तपासून पाठवलं. घरी आणल्यावर पहिल्या रात्री तिने आम्हाला कुणाला झोपू दिलं नाही आणि कुणी तक्रार केली नाही.

त्याआधीच मी एकटा घरी येऊन झरोक्यांच्या काचा काढल्या होत्या. सिलिकॉन पात्याने खरवडून काढताना हात कापला तरी मी थांबलो नाही. रबरी पट्ट्याही उपटणार होतो, पण मग जरा डोकं शांत झालं. घर कोरडं ठेवायचं आणि वीज वाचवायची यात काही चूक नाही, हे मी आजही म्हणतो. पण घराच्या फटी बुजवल्या तर त्याला श्वास घ्यायला जागा मुद्दाम करून द्यावी लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि पॅक करणाऱ्यालाही ते ठाऊक नसावं. आता प्रत्येक खोलीत जमिनीलगत एक जाळी आहे आणि वर छताजवळ दुसरी. हीटर माळ्यावरून खाली आला. मीटरचा दिवा जरा भरभर लुकलुकतो, लुकलुको.

भेटायला येणाऱ्यांना दोष कुणाचा हे ठरवायची भारी हौस. कुणी म्हणालं शेगडीचा, कुणी म्हणालं नव्या फॅशनच्या घराचा, एकीने तर दृष्टीचा म्हणून सांगितलं आणि नारळ फोडायला लावला. मी चिडायचो. जुन्या घरात शेगडी कधी कुणाला बाधली नाही, कारण कौलं गळकी होती. भुशीच्या बंगल्यांत बंद खिडक्या कुणाला बाधत नाहीत, कारण तिथे निखारे नसतात. आम्ही अर्धं जुनं आणि अर्धं नवं एका खोलीत कोंडलं, दोन्ही चांगल्या गोष्टी, आणि वरून पायपुसणं लावलं. हे मी पाहुण्यांना समजावून सांगायचो, पण त्यांना दृष्टीचंच जास्त पटायचं.

मावशींना यातलं काही ठाऊक नव्हतं. ओढ्याला पाणी होतं म्हणून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. उतरल्या तेव्हा नेहमीसारख्या थेट आतल्या खोलीकडे निघाल्या. मी त्यांना पडवीतच बसवलं आणि सगळं सांगितलं. शेगडी, वायू, ऑक्सिजन. सांगताना जपून सांगत होतो, त्यांना बोल लावल्यासारखं वाटू नये म्हणून. त्यांनी आधी दोघींची विचारपूस केली. खरंच बऱ्या आहेत ना, हे तीन-तीनदा विचारलं. मग चुलीकडे बघत बसल्या. मला वाटलं, त्यांना राग आला किंवा पटलं नाही.

मग त्या बोलायला लागल्या, पण माझ्याशी नाही, चुलीशी बोलल्यासारख्या. पवनेच्या अंगाला एक घर होतं. धरणावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्या लोकांनी दोन खोल्या बांधल्या होत्या, एसीच्या, चांगल्या पॅक. पावसात पाहुणे कमी, आणि सुनेला माहेरचं असं कुणी उरलेलं नाही, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं आणि सासूने तिला त्यातलीच एक खोली दिली. लाडाने दिली. न्हाऊ घालायला मावशीच जात होत्या. शेगडीही त्यांनीच लावून दिली होती. बाळ गुणी होतं. एके दिवशी दुपारी सुनेने दुखऱ्या डोक्याने त्याला पाजायला उचललं तर ते उठलंच नाही. झोपेत गेलं, असं सगळे म्हणाले. देवाने नेलं म्हणाले. डॉक्टरकडे नेण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

माझ्या घरात जे जवळजवळ घडलं होतं ते तिथे पुरतं घडून गेलं होतं आणि कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. अशा किती खोल्या असतील आमच्या मावळात, आता जागोजागी स्लॅब पडताहेत, जागोजागी सरकत्या खिडक्या बसताहेत, आणि निखारे तेच आहेत. मी मावशींना म्हणालो, तसंच असेल असं नाही, लहान बाळांचं काही सांगता येत नाही.

"तिला पुन्यांदा दिवस हायेत," त्या म्हणाल्या. "म्हैनं भरत आल्यात. खोली तीच हाय. मला बोलावणं धाडलंय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमी चला माझ्यासंगं, भाऊ. मला सांगाय यायचं न्हाई."

पुढच्या गुरुवारी मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेलो. वाटभर त्या माझा खांदा घट्ट धरून बसल्या होत्या. घर छान होतं, अंगणात फरशी, दारात झेंडूची रोपं. सासूबाई आनंदाने पुढे आल्या. मी कोण, कशाला आलो, हे मावशींनी सांगितलं तेव्हा त्यांनी आम्हाला आधी ती खोलीच दाखवायला नेली. धुऊन पुसून ठेवली होती. पलंगावर नवं बेडशीट, कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर नवं कोरं डालगं. खिडकीची काच बंद होती आणि आत बाहेरच्या पावसाचा आवाजही येत नव्हता. सून दाराशी उभी होती, पोटाखाली हात धरून, पंचविशीचीसुद्धा नसेल.

मी फक्त माझ्या घरातलं सांगितलं. मुलीचं, नातीचं, दवाखान्याचं. त्यांच्या घरातल्या कशाचाही उल्लेख केला नाही. शेगडी आत ठेवू नका, ठेवायचीच तर खिडकी उघडी ठेवा, वर एक जाळी करून घ्या, मी स्वतः येऊन करून देतो, असं म्हणालो. सासूबाई प्रत्येक वाक्याला व्हय व्हय म्हणत होत्या, पण त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मधेच त्या म्हणाल्या, "आमच्यात तसलं काय झालं न्हाई." कुणी विचारलं नव्हतं. मग चहा टाकते म्हणून लगबगीने आत गेल्या, आणि मावशीही खाली मान घालून त्यांच्या मागे गेल्या.

सून तिथेच उभी राहिली. मी निघायचं निमित्त शोधत होतो. ती पुढे आली, खिडकीची कडी काढली आणि काच सरकवली. पावसाची झड आत आली, नव्या बेडशीटवर थेंब पडले. तिने ते पुसले नाहीत. बाहेर बघत तिने मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, बसची वेळ विचारावी तसं.

"काका, बाळाला तेव्हा कळतं का हो काही? म्हणजे, त्रास होतो का?"

"नाही," मी म्हणालो. "नुसती झोप लागते."

तिने मान हलवली. दोनदा हलवली. मग ती पलंगाच्या कडेला, थेंब पडले होते तिथेच, हळूच बसली. मी उत्तर इतकं पटकन आणि इतक्या ठामपणे दिलं होतं की माझं मलाच नवल वाटलं. हे मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. अजूनही विचारलेलं नाही.